रोशाचा ठोंब, साल्व्हियाचा तुरा

सासवडजवळच्या आमच्या नव्या घरासमोर, ओट्यापासून फाटकापर्यंत, तीस फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक पट्टा रिकामा होता. घर झालं, रंग झाला, तरी त्यात काय लावायचं ते ठरत नव्हतं. कोजागिरीच्या आदल्या दिवशी मावशी पुण्याहून आली ती साल्व्हियाच्या रोपांचा ट्रे मांडीवर धरून. गणपती उठल्यावर तिनं बी टाकलं होतं. आता रोपं बोटभर उंच, चार-सहा पानांची झाली होती. दुपारी दादा आला. तो माळरानावरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवत हिंडतो. त्याच्या हातात टेकडीवरून आणलेली रोशा गवताची काडी होती, कमरेएवढी लांब, टोकाला तांबूस तुरा.

दोघांनी आपापलं धन ओट्यावर ठेवलं आणि एकाच वेळी त्या पट्ट्याकडे पाहिलं. त्यानंतर अंधार पडेपर्यंत जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. त्या दुपारपासून झाड निवडण्याची माझी रीत बदलली.

मावशी : हे काय, गवत? अरे, याच पट्ट्यातलं गवत काढायला गेल्या महिन्यात दोन बायका लावल्या होत्या. आणि तू पुन्हा गवतच घेऊन आलास?

दादा : काढलं ते गाजरगवत. ते नावापुरतं गवत, कूळ सूर्यफुलाचं. हा रोशा आहे. आधी याचं पान चुरगाळून वास घे, मग काय बोलायचं ते बोल.

मावशीनं पान दोन बोटांत चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा नेलं.

मावशी : गुलाब! आणि मागून थोडा गवती चहा.

दादा : बरोबर ओळखलंस. गवती चहाचा हा सख्खा भाऊ, दोघं एकाच प्रजातीतले. आणि गुलाबाचा वास येतो त्यालाही कारण आहे. गुलाबाच्या अत्तरात जिरॅनिऑल नावाचा एक सुवासिक घटक असतो. रोशाच्या तेलात तोच मुख्य, चांगल्या तेलात तीन चतुर्थांशाहून जास्त. एकोणिसाव्या शतकात खानदेशात आणि निमाडात रोशाच्या भट्ट्या लागायच्या. फुलावर आलेलं गवत कापायचं, मोठ्या हंड्यात उकळायचं, वाफ थंड करून तेल धरायचं. ते तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जायचं, आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं.

मावशी : म्हणजे भेसळीला.

दादा : हो, भेसळीला. आपल्या माळावरचं गवत जगाच्या बाजारात गुलाब म्हणून विकलं गेलं. त्याच्या स्वतःच्या नावानं त्याला कुणी विचारलं नाही. त्याचं शास्त्रीय नावसुद्धा एका फ्रेंच माणसावरून पडलं आहे. क्लॉड मार्टिन, ज्याच्या मृत्युपत्रातून लखनौची आणि कोलकात्याची ला मार्टिनियर शाळा निघाली, तोच. टिपूशी झालेल्या लढाईच्या काळात त्यानं दक्षिणेतून या गवताचं बी गोळा केलं आणि लखनौला नेऊन लावलं. गुरं हे गवत हावरटासारखी खातात आणि मग दुधा-लोण्याला त्याचा वास लागतो, अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं करून ठेवली आहे. तेव्हा मावशी, गवत म्हणून याला हिणवू नकोस.

मावशी : हिणवत नाही रे. वासाला चांगलंच आहे. पण बाग काही नाकानं बघत नाहीत. फाटक उघडून माणूस आत आला की त्याला काय दिसलं पाहिजे? रंग. डिसेंबरात सकाळी धुकं असतं, सगळं करडं-करडं असतं, तेव्हा साल्व्हियाचा वाफा पेटल्यासारखा लाल दिसतो. आणि तो लाल टिकतो. का टिकतो ते तुला ठाऊक आहे?

दादा : सांग.

मावशी : जास्वंदीचं फूल एका दिवसात मिटतं. साल्व्हियाचं लांब नळीसारखं फूलही चार दिवसांत गळतं. पण ते ज्या घंटेत बसलेलं असतं ना, ती घंटासुद्धा लालच असते, आणि ती गळत नाही. फूल गेलं तरी तुरा लाल. त्या घंटेत खाली डोकावून बघ, चार बिया असतात. असं आणखी कुठे पाहिलं आहेस?

दादा : तुळशीच्या मंजिरीत.

मावशी : तेच तर! देठ हाताळून पाहा, चौकोनी लागतो. पानं समोरासमोर. तुळस, पुदिना, सब्जा, ओवापान, सगळी याच घरातली. हल्ली सगळे चिया-चिया करतात, तो चियासुद्धा साल्व्हियाच. तू भावकी सांगितलीस, मीही सांगितली. आमच्याकडची भावकी तर दारातल्या वृंदावनात बसली आहे.

दादा : मग माझ्याकडची ताटात बसली आहे. रोशा, ज्वारी, ऊस, मका आणि वाळा, गवतांच्या मोठ्या कुळात ही एकाच शाखेतली. आणि हे नातं नुसतं नावाचं नाही, कामाचं आहे. कडक उन्हात बाकीच्या झाडांना हवा आत घेण्यासाठी पानांवरची छिद्रं उघडी ठेवावी लागतात, आणि त्याच वाटेनं पाणी उडून जातं. ज्वारी आणि रोशा यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड साठवून दाट करण्याची सोय असते. त्यामुळे छिद्रं कमी उघडून भागतं. जेवढ्या पाण्यात ही गवतं वाढतात, तेवढ्यात साल्व्हिया तग धरणार नाही. आपण पर्जन्यछायेत राहतो मावशी. इथे मार्चपासून टँकरची चर्चा सुरू होते.

मावशी : पाण्याचं म्हणणं मान्य. पण मला सांग, साल्व्हिया किती महिने पाणी मागतो? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेव्हा विहिरींना पाणी असतं. मार्चमध्ये ऊन चढलं की तो आपणच आटोपतो. टँकरच्या दिवसांत तो जमिनीवर नसतोच.

दादा : आणि त्यानंतर? एप्रिल, मे उघडी जमीन. जूनचा पहिला वळीव त्या उघड्या मातीवर कोसळतो आणि वरची चांगली माती फाटकाबाहेर रस्त्यावर जाते. रोशाचं वर्ष ऐक. जूनमध्ये ठोंबातून फुटतो. श्रावणात निळसर हिरवी पानं, देठाला मिठी मारल्यासारखी बसलेली. नवरात्राच्या सुमारास तुरे निघतात. दिवाळीला ते तांबूस होतात. संध्याकाळचं ऊन त्यांच्या पाठीमागून आलं की कुणीतरी तांब्याची तार पिंजून टांगल्यासारखं दिसतं. मग वाळून सोनेरी होतो आणि फेब्रुवारीपर्यंत वाऱ्यावर डोलतो. नऊ महिने.

मावशी : म्हणजे मार्च ते मे तुझाही पट्टा बोडकाच की.

दादा : वरून बोडका. खाली मुळं धरून बसलेली असतात. माती हलत नाही.

मावशी : बरं. आणि माझा पट्टा जूनमध्ये बोडका राहील असं तुला कुणी सांगितलं? पावसाळ्यात मी तेरडा टाकीन. तो तर सह्याद्रीच्या कातळावर आपला आपण उगवतो. तुझ्या शब्दात सांगायचं तर इथलाच.

दादा हसला. ही बाजू त्यानं सोडून दिली. पण ‘इथला’ हा शब्द बोलण्यात आला होता, आणि खरा वाद तिथून पुढे सुरू झाला.

दादा : आता तूच काढलंस म्हणून बोलतो. साल्व्हिया ब्राझीलच्या जंगलातला. तिथे तो माणसाच्या छातीएवढा वाढतो. आपल्याकडे येतो तो वाफ्यांसाठी बुटका केलेला, वीत-दीड वीत उंचीचा. त्याचं फूल लाल का, लांब नळीचं का? हमिंगबर्डसाठी. तो पक्षी हवेत तरंगत चोच आत घालतो. आपल्याकडे हमिंगबर्डच नाही. म्हणजे ज्या पाहुण्यासाठी हा दरवाजा केला, तो पाहुणा या खंडात नाही.

मावशी : पण दुसरा पाहुणा येतो ना! माझ्या गच्चीवर शिंजीर रोज सकाळी सातला येतो. त्याला फार वेळ तरंगता येत नाही, म्हणून तो देठाला लटकतो. कधी नळीतून पितो, कधी बुडाशी भोक पाडून चोरून पितो. मी शाळेत शिकवायची तेव्हा माझी मुलंही तेच करायची. फूल उपटायचं, मागचं टोक ओठात धरायचं आणि थेंबभर मध चोखायचा. मी ओरडायची, पण लहानपणी मीसुद्धा चोखलेला. पाहुणा कुठून आला हे यजमान विचारत नाही, जेवला का ते विचारतो.

दादा : जेवू घालण्यातही फरक आहे. फुलातला मध म्हणजे सरबत. सरबतावर कुणाचं घर उभं राहत नाही. फुलपाखराच्या अळीला पान लागतं. दिव्याखाली येणारी ती मोठी तपकिरी फुलपाखरं, पायाजवळून उडणारी डोळ्याच्या ठिपक्यांची छोटी फुलपाखरं, यांच्या अळ्या गवतावर वाढतात. मुनिया गवताचं बी खाते आणि गवताच्याच पात्यांचं घरटं करते. सुगरणीचा खोपा कशाचा असतो? हिरवी पात उभी चिरून काढलेल्या धाग्यांचा. साल्व्हियाच्या वाफ्यात पक्षी येतात आणि जातात. गवताशी त्यांचा संसार जोडलेला असतो.

मावशी : हे मला पटलं. पण ‘परदेशी’ म्हणून माझ्या झाडाला नाव ठेवू नकोस. दसऱ्याला तोरण कशाचं लावतोस?

दादा : झेंडूचं.

मावशी : झेंडू कुठला?

दादा : मेक्सिकोचा.

मावशी : आणि मिरची? टोमॅटो? बटाटा? सगळं समुद्रापलीकडून आलेलं. सहाशे वर्षांपूर्वी आपल्या कोणत्याही स्वयंपाकघरात मिरची नव्हती. आज ठेचा म्हटलं की आपला जीव जातो. जे आलं, राहिलं, कुणाच्या पोटावर पाय न देता नांदलं, ते आपलं झालं. मी तर म्हणते, झाडाचा गाव विचारण्यापेक्षा त्याची वागणूक बघावी. साल्व्हिया माझ्या वाफ्यातून पळून कधी माळावर गेला नाही.

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं जे सांगितलं त्यात मावशीला उत्तर देण्याचा हट्ट नव्हता.

दादा : वागणुकीची कसोटी योग्य आहे, मावशी. ती मी माझ्या गवताच्या बाजूलाही लावतो. रोपवाटिकेत ‘शोभेचं गवत’ म्हणून कारंज्यासारखं झुलणारं फाउंटन ग्रास मिळतं. ते आफ्रिकेतलं. त्याच्या बी धरणाऱ्या जाती कितीतरी देशांत कुंडीतून सुटून माळ व्यापून बसल्या आहेत. गवत आहे म्हणून ते चांगलं असं मी म्हणणार नाही. उलटंही सांगतो. भारतातही एक रानटी साल्व्हिया आहे. शेताच्या कडेला, ओलसर जागी उगवतो, फिकट निळी, अगदी बारीक फुलं. तो इथला आहे म्हणून कुणी बागेत लावत नाही, आणि मीही लाव म्हणणार नाही. तेव्हा ‘इथला’ एवढ्यावर माझं म्हणणं उभं नाही.

मावशी : मग कशावर उभं आहे?

दादा : विसरण्यावर. इथून पुढे सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथे चिंकारा आहे, चंडोल आहे, धाविक आहे. बाहेरच्या माळांवर लांडगा फिरतो. हे सगळे गवतावर जगतात. पण गवताळ माळ सरकारी नकाशात ‘पडीक जमीन’ म्हणून रंगवला जातो. मग सुट्टीच्या दिवशी भली माणसं येतात, चांगल्या हेतूनं खड्डे खणतात आणि ग्लिरिसिडियाची रोपं लावून जातात. गवत जातं, त्याबरोबर चंडोल जातो. त्या माणसांचा दोष मी कसा काढू? त्यांना पवन्या, मारवेल, डोंगरी, रोशा ही नावंच कुणी सांगितलेली नसतात. त्यांच्या डोळ्यांना ती रिकामी जागा दिसते. फाटकाशी जर रोशाचे चार ठोंब असतील आणि येणारं मूल विचारील, ‘हे काय?’, तर त्याला एक नाव मिळेल. पुढे माळावर गेलं की त्याला ती जागा रिकामी दिसणार नाही.

मावशी : तुझी माळरानं माझ्या चार फुटांच्या पट्ट्यात मावणार नाहीत, बाळा.

दादा : नाहीत मावणार. तेही खरं आहे. कुंडीतल्या गवतावर लांडगा जगत नाही. बागेतलं गवत हे माळ वाचवणं नव्हे, माळाची ओळख करून देणं आहे. त्यापेक्षा जास्त मी म्हणत नाही.

मावशी : ओळखीचं म्हणशील तर मी गवताला ओळखत नाही असं नाही. दर चतुर्थीला २१ दूर्वांची जुडी मीच निवडते, तीन पात्यांची, कोवळी. पण तीच हरळी वाफ्यात शिरली की काय होतं ते शेतकऱ्याला विचार. एक पेर राहिलं तरी पुन्हा सगळीकडे. देवाला वाहायचं गवत आणि बागेत लावायचं गवत यांत मी फरक करते तो अनुभवानं. तुझा रोशा धावतो का?

दादा : हरळीसारखा नाही. ठोंब धरून जागच्या जागी रुंदावतो. बी पडून आसपास थोडी रोपं येतात, ती पावसाळ्यात उपटायची. दोन-तीन वर्षांनी ठोंब जाड झाला की जूनमध्ये कुदळीनं फोडायचा आणि वाटायचा.

मावशी : आणि साप?

दादा : साप उंदरांमागे येतो. दाट, तुडवता न येणारं रान असेल आणि कचरा साठला असेल तर उंदीर होतात. तीन-तीन फुटांवर एकेक ठोंब, बुंधे मोकळे ठेवलेले, मधली जमीन दिसती, अशा ठिकाणी भीती कमी. तरी अंधारात बॅटरी घेऊनच चालायचं. ते साल्व्हियाच्या वाफ्याशीही करायचंच.

मावशी : आग?

दादा : ही भीती खरी आहे. फेब्रुवारीनंतर वाळका रोशा एका ठिणगीला पुरतो. म्हणून होळीच्या आधी वीतभर बुंधा ठेवून कापून टाकायचा, आणि घराच्या भिंतीला, गॅसच्या सिलिंडरला, गाडी लावायच्या जागेला लागून लावायचाच नाही.

मावशी : आणि हिचा दमा? गवताचे पराग वाऱ्यावर उडतात. साल्व्हियाचे उडत नाहीत. ते जड, चिकट, माशी नाहीतर पाखरू अंगावर नेईल तेवढेच हलतात. गवत फुलावर आलं की हिला शिंका सुरू होतात, ते मी लहानपणापासून पाहते आहे.

याला दादाकडे उत्तर नव्हतं, आणि त्यानं ते शोधलंही नाही. ‘हे तुझं बरोबर आहे. खिडकीजवळ नको,’ एवढंच म्हणाला. मला ते फार आवडलं. मीच या वादाच्या मधोमध बसले होते आणि तोवर माझ्या नाकाला कुणी विचारलं नव्हतं.

दादा : आता मला एक विचारू दे. तू चाळीस वर्षं दर हिवाळ्यात हेच झाड लावतेस. बी पेरा, रोप कोलमडलं तर पुन्हा पेरा, पांढरी माशी बघा, लाल कोळी बघा, सुकलेले तुरे कापा. तीन महिन्यांच्या लाल रंगासाठी एवढा खटाटोप का?

मावशीनं ट्रेमधलं एक रोप बोटानं सरळ केलं.

मावशी : तू खटाटोप म्हणतोस, मी त्याला सोबत म्हणते. शाळेत पाचवीच्या प्रत्येक मुलाला मी एक कुंडी द्यायची. साल्व्हियाचं बी मातीवर नुसतं भुरभुरवायचं, खोल पुरायचं नाही, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. दहा-पंधरा दिवसांनी कोंब यायचे. रोप सहा पानांचं झालं की मी सांगायची, आता शेंडा खुडा. मुलं रडकुंडीला यायची. इतक्या कष्टानं वाढवलेलं, आणि बाई तोडायला सांगतात! तरी खुडायची. पंधरा दिवसांनी एका शेंड्याच्या जागी दोन फांद्या फुटलेल्या दिसायच्या. ते बघताना त्या मुलांचे चेहरे जे व्हायचे ना, ते मला कुठल्याही पुस्तकाच्या धड्यानं दाखवता आले नसते.

दादा : गवत हे करणार नाही, हे खरं.

मावशी : तुझं गवत कुणाची वाट बघत नाही. साल्व्हिया बघतो. सकाळी पाणी चुकलं तर दुपारी मान टाकतो, संध्याकाळी तांब्याभर दिलं की दिवेलागणीपर्यंत उभा राहतो. मी आता एकटी राहते. सकाळी उठून कुणाकडे तरी जावं लागतं, हे मला हवं असतं. तुझ्या नऊ महिन्यांच्या हिशेबात हे कुठे बसतं ते सांग.

दादा : नाही बसत. माळावर मी बघायला जातो, कुणाला माझी गरज असते म्हणून नाही. तिथे मी नसलो तरी सगळं चालतं, आणि मला त्याचाच आधार वाटतो. तुला ज्याची सोबत, त्याचा मला धाक. तुला जे परकं वाटतं, तिथे माझा श्वास मोकळा होतो.

यानंतर दोघंही थांबले. एरवी अशा वेळी मी ‘दोन्ही थोडं थोडं लावू’ म्हणाले असते आणि पट्ट्यात खिचडी केली असती. पण पाणी, आग, पराग, पाहुणे, सोबत एवढं सगळं बोलून झाल्यावर एक गोष्ट राहिलीच आहे असं वाटलं. तिघांपैकी कुणी अजून जमीन पाहिली नव्हती. मी कुदळ आणली.

ओट्याच्या बाजूला खणलं तर हातभर माती लागली. बांधकामाच्या वेळी भरावासाठी आणलेली पोयट्याची माती तिथे उरली होती. शेजारीच नळ, आणि दुपारनंतर घराची सावली. दहा फूट पुढे सरकलो तर माती वीतभर. त्याखाली मुरूम, आणि फाटकाशी तर कुदळीचा आवाजच बदलला. त्या टोकाला दिवसभर ऊन, उतार फाटकाकडे, आणि वाऱ्याची दिशा घराकडून रस्त्याकडे. पाणी तिथे न्यायचं तर बादलीच उचलायची.

मावशी : झालं. जमिनीनंच सांगितलं.

दादा : रोशाला पाणी साचलेलं चालत नाही, उताराचा मुरूम त्याला मानवतो. तो टेकडीवर तसाच असतो. फाटकाशी लावला तर खिडकीपासून वीस फूट लांब, स्वयंपाकघरापासून त्याहून लांब. मधल्या जागेत मारवेलही चालेल, गुडघ्याएवढाच होतो, जांभळट कणसं येतात.

मावशी : आणि नळापासून दहा फूट माझे. एकेका फुटावर रोप. उद्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावू, पहिले चार दिवस सावली करू. पण तुझे ठोंब कुठे आहेत?

दादा : आणलेच नाहीत. आत्ता आणून उपयोग नाही. पाऊस सरला. ठोंब लावायचा तो जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाले की. आज मी तुरा नुसता दाखवायला आणला होता.

मावशी : म्हणजे उरलेली वीस फूट जागा जूनपर्यंत अशीच?

दादा : तुला हवं तर झेंडू लाव.

मावशी : नको. एकदा झेंडू आला की जूनमध्ये मला तो काढवणार नाही, आणि तुझ्या ठोंबाला जागा उरणार नाही. ज्याची जागा त्याला राखून ठेवावी.

तिनं कुंपणापाशी पडलेले दगड गोळा करायला लावले. तीन-तीन फुटांवर, थोडे नागमोडी, दादानं पावलांनी अंतर मोजत सात दगड ठेवले. मधल्या मातीवर आम्ही पाचोळा पसरला. दुसऱ्या दिवशी, कोजागिरीच्या संध्याकाळी, मावशीनं स्वतःच्या हातानं रोपं लावली. शेंडे खुडायचं काम तिनं मला दिलं. माझा हात अडखळला तेव्हा तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग मी खुडले.

तेव्हापासून कुठलंही रोप आवडलं की मी आधी स्वतःला तीन गोष्टी विचारते. याच्यासाठी माझी जमीन किती खोल आहे? ते वर्षातले किती महिने मातीवर असेल, आणि नसेल तेव्हा माती कोण धरेल? आणि त्याला माझी रोज गरज लागणार असेल, तर ती भागवायला मी रोज घरी असेन का? फूल मोठं की गवत मोठं, देशी की परदेशी, हे प्रश्न त्यानंतरचे. या तिन्हींची उत्तरं मिळाली की पुष्कळदा पुढचे प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

आता फेब्रुवारी चालू आहे. ओट्याजवळचे तुरे अजून लाल आहेत आणि शिंजिराची जोडी सकाळी त्यांना लटकते. फुलं बघून झाली की आल्यागेल्याची नजर पुढे जाते आणि लोक विचारतात, ‘तिकडे नुसते दगड का? काही जगलं नाही का?’ पंगत बसायच्या आधी पाट मांडून ठेवतात, तसे ते मांडले आहेत. यायचा तो जूनमध्ये येणार आहे. मी त्यांना त्याचं नाव सांगते.